माहिती-सुरक्षेची पहिली परीक्षा : द्यावी की थांबावे?

रायपूरच्या रेल्वे स्थानकापलीकडे, रुळांच्या दुसऱ्या अंगाला, गुढियारी हा भाग आहे. किराणा मालाच्या घाऊक व्यापारासाठी तो शहरात ओळखला जातो. अशा बाजारातील पेढीवर पूर्वी लाल कापडात बांधलेली खतावणी असे. ती परक्या माणसाच्या नजरेस पडू नये, तीत कोणी गुपचूप खाडाखोड करू नये आणि वसुलीच्या दिवशी ती जागच्या जागी सापडावी, या तीन गोष्टींची चिंता मुनीम वाहत असे. आज खतावणीची जागा संगणकाने घेतली आहे; परंतु चिंता बदललेली नाही. गोपनीयता, अविकृतता आणि उपलब्धता या तीन शब्दांत माहिती-सुरक्षेचे सारे शास्त्र सामावलेले आहे, आणि या विषयाचे कोणतेही प्राथमिक पुस्तक येथूनच प्रारंभ करते.

यांपैकी तिसरा गुण बहुधा विसरला जातो. ५ एप्रिल २०२४ रोजी गुढियारी भागातील वीज वितरण कंपनीच्या भांडाराला मोठी आग लागली आणि तेथे साठवलेली रोहित्रे जळाली. अशी आग एखाद्या पेढीला लागली आणि तिचे सर्व हिशेब तेथल्याच एका संगणकात असले, तर कोणीही चोरी न करता त्या पेढीची माहिती नष्ट होईल. हिशेबाची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हेही माहिती-सुरक्षेचेच काम होय.

हे काम करणाऱ्या माणसांची गरज वाढत आहे, हे पाहून अनेक तरुण आज एक प्रश्न विचारतात: या विषयातील प्रवेशपातळीचे एखादे प्रमाणपत्र मिळवावे काय? या प्रकरणात आपण त्या प्रश्नाचा विचार करू. सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर येथे दिलेले नाही. ज्या क्रमाने विचार केला असता प्रत्येकाला स्वतःचे उत्तर सापडेल, तो क्रम मात्र दिला आहे.

प्रश्नामागचा प्रश्न

छत्तीसगडात मराठी कुटुंबे नवी नाहीत. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ती येथे आहेत. पुढे रेल्वे, शाळा, सरकारी कचेऱ्या आणि १९५९ मध्ये उत्पादन सुरू झालेला भिलाईचा पोलाद कारखाना यांच्या निमित्ताने आणखी आली. अशा घरात प्रमाणपत्र या शब्दाला विशेष वजन असते. वडिलांनी एक परीक्षा दिली, नेमणुकीचे पत्र आले आणि पुढची तीस वर्षे संसार चालला, हा अनुभव घरातील सर्वांच्या मनात ताजा असतो. म्हणून मुलगा किंवा मुलगी जेव्हा माहिती-सुरक्षेच्या परीक्षेचे नाव काढते, तेव्हा वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात: “हे सरकारमान्य आहे का?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे नेमके उत्तर द्यावयास हवे. जगात प्रसिद्ध असलेली या विषयातील बहुतेक प्रमाणपत्रे व्यावसायिक संघटना देतात. ती विद्यापीठाची पदवी नव्हेत आणि पदवीच्या जागी चालतही नाहीत. सरकारी पदांच्या जाहिरातीत जी पात्रता छापलेली असते, तीच तेथे पाहिली जाते. खाजगी नोकरीत मात्र ही प्रमाणपत्रे उपयोगी पडू शकतात. पण तेथेही ती दार उघडत नाहीत, फार तर दारापर्यंत नेतात. पुढची मुलाखत उमेदवाराला स्वतःच द्यावी लागते.

या कामाची गरज कशी निर्माण झाली

परीक्षेचा विचार करण्यापूर्वी काम कसले आहे ते पाहिले पाहिजे. त्यासाठी पुण्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. ११ ऑगस्ट हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता. त्या दिवशी बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांतून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये, आणि भारतात सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये काढण्यात आले. सोमवारी, १३ ऑगस्टला, आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये आंतरबँक संदेशव्यवस्थेद्वारे हाँगकाँगच्या एका खात्यात पाठविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख इतकी भरली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले.

येथे तिजोरी फोडण्यात आली नव्हती. कार्डधारकाच्या खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे बँकेच्या मुख्य संगणकाला विचारणारी जी मधली यंत्रणा असते, तिच्या जागी चोरांनी स्वतःची बनावट यंत्रणा उभी केली. यंत्र प्रश्न विचारी आणि बनावट यंत्रणा “पैसे द्या” असे उत्तर देई. खऱ्या संगणकापर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. या प्रकारात चोराला पकडणारा माणूस तलवारबहाद्दर असावा लागत नाही. सुट्टीच्या दिवशीही नोंदींकडे लक्ष ठेवणारा, आणि नेहमीपेक्षा काही वेगळे दिसल्यास ते ओळखून तत्काळ वर कळविणारा कर्मचारी हवा असतो. प्रवेशपातळीवरच्या माणसाकडून याच कामाची अपेक्षा असते.

या घटनेच्या मागेपुढे नियमही कडक होत गेले. रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्ये बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी प्राथमिक चौकट आली आणि डिसेंबर २०१९ मध्ये तिला बँकेच्या व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांचे रूप देण्यात आले. संगणकीय आणीबाणीला तोंड देणारी ‘सर्ट-इन’ ही केंद्रीय संस्था २००४ पासून काम करीत आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत तिची खबर देणे आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक झाले. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. सहा तासांत खबर द्यावयाची, तर घटना घडली आहे हे ओळखणारा कोणीतरी कचेरीत असलाच पाहिजे. मागणीचे मूळ येथे आहे.

परीक्षा कोणत्या आणि त्या काय तपासतात

प्रवेशपातळीच्या दोन परीक्षांची नावे वारंवार ऐकू येतात. पहिली ‘सिक्युरिटी प्लस’. कॉम्पटिया या अमेरिकन संघटनेने ती २००२ मध्ये सुरू केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिची ‘७०१’ क्रमांकाची आवृत्ती आली. या आवृत्तीत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवावयाचे असतात. त्यांपैकी काही केवळ पर्याय निवडण्याचे नसून पडद्यावर एखादी कृती करून दाखविण्याचे असतात. गुणांची पट्टी १०० पासून ९०० पर्यंत असून उत्तीर्ण होण्यास ७५० गुण लागतात. ही पट्टी शंभरपासून सुरू होते आणि प्रश्नांचे वजन सारखे नसते. म्हणून ७५० गुणांचा अर्थ अमुक इतके टक्के उत्तरे बरोबर, असा सरळ लावता येत नाही. सुरक्षा-यंत्रणेचे दैनंदिन संचालन या भागाला सर्वांत अधिक, म्हणजे २८ टक्के भार दिलेला आहे. धोके आणि उणिवा यांना २२ टक्के. परीक्षेला बसण्यासाठी पूर्वअट नाही. परंतु नेटवर्कचे ज्ञान आणि दोन वर्षांचा अनुभव असावा, अशी शिफारस संघटना स्वतःच करते. तरुण ही शिफारस बहुधा वाचत नाहीत. ती वाचली पाहिजे.

दुसरी परीक्षा ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’, संक्षेपाने ‘सीसी’. आयएससी-टू या संघटनेने ती २०२२ मध्ये आणली आणि त्याच वर्षी दहा लाख लोकांना प्रारंभीचे शिक्षण व परीक्षा विनामूल्य देण्याचा संकल्प जाहीर केला. ही परीक्षा अनुभव नसलेल्यांसाठीच आखलेली आहे. मात्र उत्तीर्ण झाल्यानंतर प्रमाणपत्र हाती राहण्यासाठी दरवर्षी ५० डॉलर वर्गणी भरावी लागते. विनामूल्य परीक्षेचा मोह होताना हा वार्षिक आकडा लक्षात ठेवावा, आणि सवलतीच्या अटी अर्ज करण्याच्या दिवशी मूळ संकेतस्थळावर पाहून घ्याव्यात.

याच संघटनेचे ‘सीआयएसएसपी’ नावाचे वरच्या पातळीचे प्रमाणपत्र आहे. त्यासाठी साधारणतः पाच वर्षांचा सवेतन अनुभव लागतो. केवळ पुस्तक वाचून ते पूर्णपणे मिळत नाही, आणि म्हणूनच व्यवसायात त्याला मान आहे. या तुलनेतून प्रवेशपातळीच्या प्रमाणपत्राचा खरा अर्थ उलगडतो: ते अनुभवाची साक्ष देत नाही. उमेदवाराला विषयाची परिभाषा समजते आणि त्याने काही महिने नेटाने अभ्यास केला, एवढेच ते सांगते. हे सांगणे कमी मोलाचे नाही. पण त्याहून अधिकही नाही.

‘सिक्युरिटी प्लस’ची कीर्ती कशी पसरली, हेही समजून घ्यावे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ च्या आपल्या नियमपुस्तिकेत सुरक्षेचे काम करणाऱ्यांसाठी प्रमाणपत्रांची यादी दिली आणि तीत या परीक्षेचा समावेश केला. पुढे त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. परंतु मागणीचा मोठा प्रवाह तेथून वाहू लागला होता. ज्या नियमाने वॉशिंग्टनच्या परिसरात ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले, तो नियम रायपूरच्या कचेरीला लागू नाही. म्हणून परदेशी लेखकाने लिहिलेला सल्ला वाचताना तो कोणत्या बाजारासाठी लिहिला आहे, हे आधी पाहावे.

भारतातही वेगळा मार्ग उपलब्ध आहे. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेचा संगणकीय पायाभूत यंत्रणा व सुरक्षा या विषयाचा सुमारे सहा महिन्यांचा पूर्णवेळ पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. त्यासाठी ठरावीक पदवी आणि प्रवेशपरीक्षा लागते. खर्च आणि वेळ दोन्ही अधिक. पण शिक्षण प्रत्यक्ष प्रयोगशाळेत होते.

तीन उमेदवार

आता तीन काल्पनिक उमेदवारांचा विचार करू. तिघेही गुढियारीत राहतात असे समजू.

पहिला वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तो घाऊक दुकानात संगणकावर हिशेब लिहितो आणि या कामाला कंटाळला आहे. दोन संगणक एकमेकांशी कसे बोलतात, हे त्याला ठाऊक नाही. त्याने आज परीक्षा देऊ नये. तो पाठांतराने उत्तीर्ण होईलही. परंतु मुलाखतीत नेटवर्कविषयीचा दुसराच प्रश्न त्याला अडवील. त्याने प्रथम सहा महिने नेटवर्क आणि संगणकाची कार्यप्रणाली यांचा अभ्यास करावा. त्याच्याजवळ एक भांडवल मात्र आहे, ज्याची त्याला जाणीव नसते: बिल, उधारी आणि वसुली कशी चालते हे तो जाणतो, म्हणून खोटे बिल किंवा बँक खाते बदलल्याचे फसवे पत्र त्याच्या लवकर लक्षात येईल. लेखापरीक्षणाच्या बाजूने या क्षेत्रात येणे त्याला सोपे जाईल.

दुसरी उमेदवार तीन वर्षे एका आस्थापनेत संगणक दुरुस्ती आणि नेटवर्कची देखभाल करीत आहे. कोणाला कोणती फाईल उघडता यावी, हे ती रोज ठरविते. म्हणजे सुरक्षेचे काम ती करीतच आहे, फक्त त्या कामाला तसे नाव नाही. तिने परीक्षा द्यावी. तिच्या अनुभवाला प्रमाणपत्राची जोड मिळाली, तर अर्ज चाळणाऱ्या माणसाला तिची ओळख पटेल.

तिसरा अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात आहे. वेळ आहे, पैसा नाही. त्याने अल्पखर्चाच्या परीक्षेचा आणि सी-डॅकच्या प्रवेशपरीक्षेचा विचार करावा. महागड्या परीक्षेची घाई करू नये. पहिल्या नोकरीत मालकच परीक्षेचे शुल्क भरतो, असे पुष्कळदा घडते.

एकाच परीक्षेविषयी तीन उत्तरे निघाली. फरक परीक्षेत नसून उमेदवाराच्या पूर्वतयारीत आहे.

खर्चाचा हिशेब

शुल्क हा खर्चाचा एकच भाग आहे. त्यात कर, पुस्तके, सरावाच्या चाचण्या आणि अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा भरावयाचे शुल्क मिळवावे. ‘सिक्युरिटी प्लस’ तीन वर्षांनी कालबाह्य होते. नूतनीकरणासाठी त्या अवधीत पुढील शिक्षणाचे ५० गुणांक आणि शुल्क लागते. म्हणून हिशेब एका दिवसाचा न करता तीन वर्षांचा करावा. एकूण रक्कम कागदावर लिहावी आणि ती साठविण्यास आपल्याला किती महिने लागतील, ते शेजारी लिहावे. प्रवेशपातळीच्या प्रमाणपत्रासाठी कर्ज काढू नये. कारण त्याच्या बळावर नोकरी मिळेलच असे वचन कोणी प्रामाणिक माणूस देऊ शकत नाही. जो वर्ग असे वचन देतो, त्याच्यापासून दूर राहावे. परीक्षेतील “हुबेहूब प्रश्न” विकणाऱ्यांपासूनही दूर राहावे: असे प्रश्न वापरणे परीक्षेच्या नियमांचा भंग असून त्यामुळे प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि ज्या व्यवसायाचा पायाच विश्वास आहे, त्यात प्रवेश करताना पहिले पाऊल फसवणुकीचे असावे, हे लज्जास्पद आहे.

भाषेचाही हिशेब आहे. या परीक्षा मराठीत किंवा हिंदीत होत नाहीत. इंग्रजी वाक्य दोनदा वाचावे लागत असेल, तर दर मिनिटाला एक प्रश्न सोडविणे कठीण जाते. अशा उमेदवाराने वाचनाचा वेग वाढविण्यास दोन महिने अधिक धरावेत. यात कमीपणा नाही.

निर्णयापूर्वीची दोन कामे

पहिले काम बाजार पाहण्याचे. ज्या शहरात नोकरी करण्याची खरोखर तयारी आहे, तेथील या क्षेत्रातील वीस जाहिराती गोळा कराव्यात. रायपूर सोडावयाचे नसेल तर रायपूरच्या, अन्यथा नागपूर आणि पुण्याच्या. प्रत्येक जाहिरातीत प्रमाणपत्र मागितले आहे काय, कोणते, आणि अनुभव किती मागितला आहे, हे तीन रकान्यांत लिहावे. हा तक्ता कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक खरे बोलेल. वीसपैकी दोनच जाहिरातींत प्रमाणपत्राचा उल्लेख आणि पंधरांत नेटवर्कच्या अनुभवाचा उल्लेख सापडला, तर पुढचे वर्ष कोठे घालवावे हे सांगण्याची गरज उरत नाही.

दुसरे काम स्वतःला पाहण्याचे. घरच्या संगणकातच दोन आभासी संगणक उभे करावेत. ती साधने विनामूल्य मिळतात. एकाचा दुसऱ्याशी संपर्क साधावा, ‘वायरशार्क’ या विनामूल्य साधनाने त्यांच्यामधील संदेश पाहावेत, चुकीचा पासवर्ड मुद्दाम दहा वेळा टाकून त्याची नोंद कोठे उमटते ते शोधावे, आणि एक फाईल पुसून ती राखीव प्रतीवरून परत आणावी. हा सराव केवळ स्वतःच्या यंत्रावर करावा. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीवाचून शिरणे, मग ते कुतूहलापोटी का असेना, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली येते. ते अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. महिनाभर रोज एक तास हा सराव करून कंटाळा आला, तर ते कळणे हितकारक आहे. कारण नोकरीतही हेच काम, याहून अधिक तास आणि रात्रपाळीत, करावयाचे असते. उत्सुकता वाढली, तर अभ्यासाचा पाया घातला गेलाच आहे.

या दोन कामांनंतर उत्तर सहसा स्पष्ट होते. नेटवर्कचा पाया पक्का आहे, जाहिरातींत प्रमाणपत्र दिसते आहे, तीन वर्षांचा खर्च साठविता येतो आणि सरावात मन रमते, या चारही गोष्टी जुळल्या तर परीक्षेची तारीख निश्चित करावी आणि ती घरातील सर्वांना सांगावी. एखादी गोष्ट जुळत नसेल, तर आधी ती पुरी करावी. थांबणे म्हणजे माघार घेणे नव्हे. मात्र थांबण्यालाही मुदत असावी. “सहा महिन्यांनी पुन्हा विचार” असे लिहून खाली तारीख घालावी.

आणि वडिलांच्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना काही लपवू नये. हे प्रमाणपत्र सरकारी नेमणुकीचे पत्र नाही, ते तीन वर्षांनी पुन्हा जिवंत करावे लागते, आणि त्याच्यासाठी इतके रुपये व इतके महिने लागतील, हे सर्व तक्त्यासह त्यांच्यापुढे ठेवावे. ज्या मुनिमाच्या खतावणीपासून आपण प्रारंभ केला, त्याच्यावर पेढीचा विश्वास बसला तो त्याने लिहिलेला हिशेब कोणालाही तपासता येत होता म्हणून. माहिती-सुरक्षेचे काम करू इच्छिणाऱ्या तरुणाने किंवा तरुणीने आपला पहिला हिशेब असाच स्वच्छ लिहावा.